बोटाने सरकवायची बखर

काळा पडदा. त्यावर हळूहळू उजळत जाणारा जुना फोटो: शाळेच्या गणवेशातला मुलगा, केस पाणी लावून चापून बसवलेले. बोट वर सरकवलं की फोटो थोडा जवळ येतो आणि खाली वर्ष उमटतं. आणखी सरकवलं की आईचा आवाज सुरू होतो, मग एका निवृत्त शिक्षकाचा. मग कॉलेज, मोर्चा, लग्न, पहिला पराभव, पहिला विजय. पडद्याच्या कडेला टिंबांची एक रेघ असते. आपण जिथे असू ते टिंब भरीव, बाकीची पोकळ. निवडणूक जवळ आली की मोठ्या वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवर उमेदवारांची आयुष्यं अशी उलगडू लागतात. फोटो, आवाज, चित्रफीत, नकाशा, कागदपत्रं, सगळं एका पानात, आणि पान आपल्या बोटाच्या तालावर चालणारं.

मला ही पानं आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. त्यांत तासन्‌तास रमलो आहे. पण एकदा अशाच एका पानावर सहज टिंबं मोजली. उमेदवाराच्या पहिल्या अठरा वर्षांना सात टिंबं होती. त्यानंतर धंद्यात काढलेल्या अकरा वर्षांना एक. त्या एका टिंबावर हसऱ्या माणसांचा ग्रुप फोटो आणि दोन ओळी. ज्या अकरा वर्षांत पैसा आला, भागीदार आले आणि गेले, ती मी अर्ध्या सेकंदात ओलांडली होती. ओलांडताना काही सुटलं असं वाटलंही नव्हतं. बालपणावर मात्र चांगली तीन मिनिटं थांबलो होतो. का, तर तिथे फोटो होते.

माझं म्हणणं या टिंबांबद्दलच आहे. आयुष्याचा जो भाग उमेदवाराने जपून ठेवला, चौकटीत लावून भिंतीवर टांगला, तोच भाग या माध्यमात आपोआप मोठा होतो. ज्याचा फोटो नाही, ज्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला कोणी तयार नाही, तो भाग आकसतो. आणि मत देणाऱ्याला बहुतेक वेळा नेमका तोच हवा असतो.

मराठीत या दोन गोष्टींना दोन जुने शब्द आहेत: बखर आणि दप्तर. बखर सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या सोयीने रंगते. दप्तराला रंग नसतो. त्यात तारीख असते, हिशेब असतो, कोणाची तरी तक्रार असते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींतल्या तारखा आणि घटनाक्रम अस्सल पत्रांशी ताडून बखरींची पार दाणादाण उडवली. रंगलेल्या बखरीपेक्षा अस्सल कागदाचं चिठोरं मोलाचं, हा त्यांचा आग्रह पुढे मराठी इतिहासलेखनाची शिस्त बनला. उमेदवारांची ही ‘इंटरॅक्टिव्ह’ आयुष्यं पाहताना मला राजवाडे आठवतात. तंत्र या शतकाचं, माल बखरीचा.

उमेदवारांच्या बखरी तशा जुन्याच. १८४० मध्ये अमेरिकेत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा अध्यक्षपदाचा प्रचार ओंडक्यांच्या झोपडीवर उभा राहिला. साधा माणूस, झोपडीत राहणारा, सफरचंदाची कडक सायडर पिणारा. प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातल्या एका बड्या मळेवाल्या घराण्यात जन्मले होते आणि त्यांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. गंमत अशी की झोपडी ही त्यांच्या प्रचारकांची कल्पनाच नव्हती. ती विरोधी वृत्तपत्राने मारलेला टोमणा होती. प्रचारकांनी टोमणाच उचलून झेंड्यावर लावला आणि निवडणूक जिंकली. बारा वर्षांनी फ्रँकलिन पिअर्स उभे राहिले तेव्हा त्यांचं प्रचारचरित्र लिहायला त्यांचा कॉलेजमित्र, खुद्द कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, बसला होता.

पण ते पत्रक हातात घेणाऱ्याला ठाऊक असायचं, की हे त्यांच्याच माणसांनी छापलंय. आजच्या पानावर उमेदवाराचं चिन्ह नसतं, वृत्तपत्राचं नाव असतं. शिवाय बोट आपलं असतं. भाषण ऐकताना आपण हात बांधून बसलेले असतो, मन राखणीला असतं. इथे आपण कपाट उघडतो, आपण खण ओढतो, म्हणून आत जे मिळतं ते आपल्याला सापडलं असं वाटतं. ते आधीच कोणी तरी नीट घडी करून ठेवलं होतं, हे लक्षातून जातं. मी स्वतः पाहिलं, असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालणं अवघड, आणि ही पानं प्रत्येक वाचकाला तसं म्हणायला लावतात.

म्हणून हे माध्यमच फसवं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची ताकद काय आहे ते मार्च २००८ मध्ये एकदा स्वच्छ दिसलं. हिलरी क्लिंटन तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी झगडत होत्या आणि अध्यक्षांच्या पत्नी म्हणून काढलेली आठ वर्षं हा आपला अनुभव म्हणून मांडत होत्या. १७ मार्चच्या भाषणात त्यांनी १९९६ ची बोस्नियाभेट सांगितली: तुझ्लाच्या विमानतळावर आम्ही नेमबाजांच्या गोळीबारात उतरलो, स्वागत समारंभ व्हायचा होता, पण आम्ही डोकी खाली घालून गाड्यांकडे पळत सुटलो. दोनच दिवसांनी राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांच्या त्या काळातल्या दैनंदिन कार्यक्रमांची ११ हजारांहून अधिक पानं खुली केली. पुष्कळ ठिकाणी मजकूर गाळलेला होता, तरी तारीख होती, वेळ होती, ठिकाण होतं. मग सीबीएस या वाहिनीने आपल्या संग्रहातून १९९६ ची फीत काढली. फितीत क्लिंटन विमानातून उतरतात. सोबत मुलगी आहे. दोघी सावकाश चालत येतात. धावपट्टीवर एक लहान मुलगी उभी आहे. ती त्यांना कविता वाचून दाखवते. क्लिंटन वाकून तिच्याशी बोलतात. डोकं खाली घालून पळणारं कोणीच नाही.

आपण चुकीचं बोललो, असं क्लिंटन यांना कबूल करावं लागलं. त्या मुद्दाम खोटं बोलल्या की बारा वर्षांत आठवण फुगत गेली, हा वेगळा प्रश्न आहे. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण आपल्या सगळ्यांच्याच आठवणी अशा फुगतात. मुद्दा असा, की भाषण, वेळापत्रकाचं पान आणि फीत या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की बातमीदाराला एक विशेषणही वापरावं लागत नाही. हजार शब्दांच्या लेखाला जे साधलं नसतं ते एका मिनिटाच्या फितीने साधलं. आणि लक्षात घ्या, ती फीत उमेदवाराच्या अल्बममधली नव्हती. ती दुसऱ्याच्या कपाटातली होती.

त्याच वर्षी मे महिन्यात याच्या नेमकं उलट घडलं. रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उतरलेले जॉन मॅकेन ७१ वर्षांचे होते, त्वचेचा कर्करोग होऊन गेला होता, त्यामुळे प्रकृतीचा प्रश्न रास्तच होता. त्यांच्या प्रचारयंत्रणेने वैद्यकीय नोंदींची हजाराहून अधिक पानं दाखवली. पण कशी, तर मोजक्या बातमीदारांना एका खोलीत, तीन तास, प्रती काढायला मनाई. हजार पानं, १८० मिनिटं. एका पानाला अकरा सेकंदही पडत नाहीत. त्याच सुमारास बातम्यांच्या संकेतस्थळांवर मॅकेन यांच्या नौदलातल्या दिवसांच्या, व्हिएतनाममधल्या कैदेच्या फोटोमालिका मोठ्या आकारात आणि हवा तेवढा वेळ पाहता येत होत्या. ती कैद खरी होती, ते शौर्यही खरं होतं. पण अल्बम खुला आणि दप्तर कुलपात, ही विभागणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कागद दाखवले म्हणून लोक मानतात का? बराक ओबामा यांच्या जन्मदाखल्याचंच घ्या. संक्षिप्त दाखला जून २००८ मध्येच प्रसिद्ध झाला. ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत, या शंका थांबल्या नाहीत, म्हणून २७ एप्रिल २०११ रोजी व्हाइट हाउसने सविस्तर दाखला संकेतस्थळावर टाकला. काही तासांत लोकांनी ती पीडीएफ चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तिचे थर सुटे केले आणि ही बघा बनावट असं ओरडायला सुरुवात केली. स्कॅन केलेली फाइल लहान करताना सॉफ्टवेअर मजकूर आणि पार्श्वभूमी वेगळी करतं, त्यातून हे थर येतात, हे जाणकारांनी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं. बाकीच्यांना तर आता मोठं करून दाखवायला एक चित्रच मिळालं होतं.

म्हणजे दप्तर उघडं टाकणं पुरत नाही, हे मान्य. पण त्यावरून पुन्हा बखरीकडे वळा, असं निघत नाही. पीडीएफ नुसती टाकली आणि बाजूला कोणी उभं राहिलं नाही, तर प्रत्येक जण आपापला तज्ज्ञ होतो. तिथेच तर पत्रकार लागतो. हा कागद कोणी दिला, कोणत्या कचेरीतून आला, आम्ही तो कोणाला दाखवून पडताळला, कोणती गोष्ट पडताळता आली नाही, एवढं कागदाच्या शेजारी लिहिलेलं असलं की वेडगळाचं समाधान होणार नाही, पण शहाण्या माणसाला पाय टेकायला जागा मिळते. फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने साधारण हेच केलं. नेहमीच्या बातमीऐवजी एक एक विधान सुटं केलं, त्यावर निवाडा दिला आणि खाली आधारांची यादी जोडली. २००९ मध्ये त्याला पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. त्यांची ती सत्यतेचा काटा दाखवणारी तबकडी मला कधीच आवडली नाही, गुंतागुंतीच्या विधानाला स्पीडोमीटर लावल्यासारखं वाटतं. आधारांची यादी मात्र सोनं आहे.

तबकडी लोक बघतात, यादी बघत नाहीत, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांसमोर तीन नियम सांगितले होते. वाचकाला फक्त स्क्रोल करायचं असतं. त्याला क्लिक करायला लावणार असाल तर त्यातून काही तरी नेत्रदीपक घडलं पाहिजे. आणि माउस नेल्यावर उघडणारी चौकट केलीत, तर ती कोणीच बघणार नाही असं धरून चाला. तेव्हा बऱ्याच जणांना हे निराशेचं वाटलं. मला त्यातला तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक पानांवर माहितीचा उगम नेमका त्या न दिसणाऱ्या चौकटीत कोंबलेला असतो. ‘छायाचित्र: उमेदवाराच्या कुटुंबाकडून’ हे शब्द एका बारीक वर्तुळातल्या अक्षराखाली झोपलेले असतात. वाचक तिथे जाणार नाही हे ठाऊक असताना ते तिथे ठेवणं म्हणजे सांगितल्यासारखं करणं. ते फोटोवर, फोटोइतक्याच ठळकपणे यायला हवेत. आवाज असेल तर तो ऐकू येण्याआधी. आईची मुलाखत प्रचार कार्यालयाने जुळवून दिली असेल तर तेही.

आवाजाचं तर आता जास्तच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या मतदारांना जो बायडन यांच्या नकली आवाजातले फोन गेले, या निवडणुकीत मत देऊ नका म्हणणारे. असा आवाज बनवायला आता स्टुडिओ लागत नाही. जी वृत्तसंस्था आज आपल्या खऱ्या ध्वनिफितीचा उगम लिहिणार नाही, तिला उद्या खोटी फीत ओळखून दाखवताना कोणत्या तोंडाने बोलता येईल?

आता सगळ्यात अवघड मुद्दा, पैसा आणि माणसं कुठे लावायची. २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या तिसऱ्या मतदारसंघातून जॉर्ज सँटोस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. बरूक कॉलेजची पदवी, सिटीग्रुप आणि गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी, स्थलांतरितांच्या मुलाची भरारी, असं त्यांचं आयुष्य होतं. टाइमलाइनसाठी याहून सोयीचं आयुष्य मिळणं कठीण; प्रत्येक टिंबाला एक बोधचिन्ह. १९ डिसेंबरला, म्हणजे निकालानंतर सहा आठवड्यांनी, न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की कॉलेजकडे त्यांची नोंद नाही आणि दोन्ही बँकांकडेही नाही. पुढे १ डिसेंबर २०२३ रोजी सभागृहाने ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांची हकालपट्टी केली. त्या मतदारसंघातल्या नॉर्थ शोअर लीडर या छोट्या साप्ताहिकाने निवडणुकीआधीच त्यांच्या सांपत्तिक दाव्यांवर शंका घेतली होती. ती मोठ्यांच्या कानापर्यंत पोचली नाही.

यात कुठलंही तंत्रज्ञान नव्हतं. कॉलेजला विचारायचं, बँकेला विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं. एक चांगलं उलगडणारं पान करायला चित्रकार, प्रोग्रॅमर, ध्वनिमुद्रक, संपादक असा ताफा कित्येक दिवस गुंतून पडतो. मी संपादक असतो तर एकच अट घातली असती: आयुष्यातल्या प्रत्येक टिंबासाठी आधी एक फोन, मग ग्राफिक्स. जे टिंब पडताळलेलं नाही ते पोकळच राहील आणि ‘हे फक्त उमेदवाराचं म्हणणं’ असं त्यावर लिहिलेलं असेल. पानावर अर्धी टिंबं पोकळ दिसली तर दिसू देत. ते पान देखणं नसेल, पण सँटोसांचं असं पान ऑक्टोबरमध्ये कोणी केलं असतं तर ते अर्ध्याहून जास्त पोकळ निघालं असतं आणि ते पोकळ दिसणं हीच बातमी झाली असती.

वेळ हाही यातला मोठा भाग. स्वकर्तृत्वाने उभा राहिलेला उद्योजक, वडिलांकडून दहा लाख डॉलरचं छोटंसं कर्ज घेऊन सुरुवात केलेला, ही डोनाल्ड ट्रम्प यांची बखर २०१६ च्या प्रचारात घराघरात होती. वडिलांच्या साम्राज्यातून त्यांना आजच्या मोलाने किमान ४१.३ कोटी डॉलर मिळाले, पैसा मुलाकडे वळवण्यासाठी तब्बल २९५ वाटा काढल्या होत्या, हे करविवरणपत्रं आणि हिशेबाचे कागद लावून न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. पुलित्झरच्या तोडीचं काम होतं, पुढच्या वर्षी मिळालंही. पण मतदान होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. याचा दोष त्या बातमीदारांना देणं अन्यायाचं, कागद मिळायला वेळ लागतो. म्हणूनच प्रचाराच्या काळात बखर जितकी रंगते तितका पुढच्या दप्तराचा आवाज क्षीण होतो. आधी ठसलेलं चित्र पुसायचं असतं ना.

जिथे कायद्यानेच दप्तर तयार होतं तिथे तरी ही अडचण कमी व्हायला हवी. भारतात २ मे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि मार्च २००३ च्या दुसऱ्या निकालानंतर उमेदवारांना गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावं लागतं. नमुना २६ नावाचं हे प्रतिज्ञापत्र म्हणजे राजवाडेही खूश झाले असते असा कागद. पण तो लोकांसमोर येतो पुष्कळदा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात, काही वेळा हाताने भरलेला, शिक्के मारलेला. त्यात शोध घेता येत नाही, बेरीज करता येत नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती पानं वाचून आकडे आपल्या संकेतस्थळावर मांडते, आणि बहुतेक वृत्तसंस्थांचे रंगीत नकाशे त्याच आकड्यांवर उभे असतात. ब्राझीलचं निवडणूक न्यायालय उमेदवारांनी जाहीर केलेली मालमत्ता संगणकाला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात देतं. कोणीही उतरवून घ्यावी, मागच्या निवडणुकीशी ताडावी. हा फरक तांत्रिक वाटतो, पण बातमीदाराचे दहा दिवस टंकण्यात जातात की विचारण्यात, हे त्यावरच ठरतं.

आणि आकड्यांचीही बखर होते, हे विसरू नये. उमेदवाराच्या फोटोखाली लाल चौकटीत ‘गुन्हे ३’ असं आलं की वाचकाच्या मनात एक चेहरा तयार होतो. ते तीन गुन्हे जमावबंदी मोडून मोर्चा काढल्याचे असतील किंवा खंडणी आणि मारहाणीचे. चौकट तीच, लाल रंग तोच. खटला दाखल होऊन पंधरा वर्षं साक्षीदारच उभा राहिला नसेल, किंवा आरोप निश्चित होऊन शिक्षाही झाली असेल. असोसिएशन निदान गंभीर गुन्हे वेगळे काढते. पण बातमीच्या पानावर येईपर्यंत बऱ्याचदा त्यातला फक्त आकडा उरतो, कारण आकडा चौकटीत मावतो. मालमत्तेचंही तसंच. पाच वर्षांत संपत्ती तिप्पट झाली, असा बाण वर जाताना दाखवला की जमिनीचा बाजारभाव वाढला की नवी जमीन घेतली, हे विचारायचं राहून जातं. क्लिक करण्याची खरी जागा इथे आहे. आकड्यावर बोट ठेवलं की आणखी एक फोटो उघडायला नको, प्रतिज्ञापत्राचं ते पान उघडायला हवं, त्यातली ती ओळ अधोरेखित केलेली, शेजारी कलम आणि खटल्याची आजची अवस्था.

मग सगळंच उघडायचं का? नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क निरपवाद नाही. उमेदवारीशी संबंध नसलेल्या बाबतीत उमेदवारालाही खासगीपण असतं, घरातली प्रत्येक चीजवस्तू त्याने जाहीर करायलाच हवी असं नाही. मला हे पटतं, आणि माझ्या मागणीशी त्याचा विरोध वाटत नाही. उलट ही रंगीत पानं आज नको तिथेच घुसतात. उमेदवाराची शाळकरी मुलं, घटस्फोटित पत्नी, आजारी वडील, लग्नाचा अल्बम, यांचं मतदाराला काय काम? त्या मुलाने स्वतःहून कधी निवडणूक लढवलेली नसते. त्याचा दात पडल्याचा फोटो मात्र वृत्तपत्राच्या संग्रहात कायमचा राहतो. बापाने दिला म्हणून छापला, हे उत्तर पुरेसं नाही.

माणसाच्या घडणीचा काहीच संबंध नसतो, असं मी म्हणत नाही. गरिबीत वाढलेला उमेदवार गरिबांची धोरणं करेलच असं नाही, पण गरिबी म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. चांगला बातमीदार बालपणातून असं काही वेचून काढतो, जे पुढच्या निर्णयांत पुन्हा दिसतं. सात टिंबांपैकी दोन ठेवा. पाच टिंबांची जागा त्या अकरा वर्षांना द्या.

वॉशिंग्टन पोस्टने २०१६ मध्ये एक वेगळा प्रयोग केला होता. ट्रम्प यांच्या चरित्रासाठी बातमीदारांनी जमवलेल्या मुलाखती, न्यायालयीन कागद, नोंदी यांचा मोठा भाग त्यांनी वाचकांसाठी आणि इतर पत्रकारांसाठी खुला केला. त्यात फारशी हालचाल नव्हती, संगीत नव्हतं. नुसते दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, सोडून ठेवल्यासारखं. असं पान एका बैठकीत कोणी वाचत नाही. पण दुसरा बातमीदार येऊन त्यातलं एखादं चिठोरं उचलतो आणि पुढचा धागा धरतो. माझ्या दृष्टीने ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाला साजेसं काही असेल तर ते हेच.

शेवटी या पानांच्या आयुष्याबद्दल. २००८ च्या सुमाराला उमेदवारांची जी हलती-बोलती आयुष्यं तयार झाली, त्यातली बरीचशी ‘फ्लॅश’ या अडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर होती. बटणं, सरकपट्ट्या, आवाजासह फोटोमालिका, सगळं त्यातच व्हायचं. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणंच बंद केलं. काही वृत्तसंस्थांनी जुनी पानं नव्याने बांधली, इंटरनेट आर्काइव्हने फ्लॅशची नक्कल करणारी सोय देऊन काही वाचवली. कित्येक ठिकाणी मात्र आज एक करडी चौकट उरली आहे. २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरून आयोवा या पहिल्याच राज्यात बाद झालेले आणि पुढे ओबामांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभे राहिलेले बायडन हेही तेव्हाच्या त्या उमेदवारांपैकीच एक. फ्लॅश बंद पडल्यावर आठ दिवसांनी, २० जानेवारी २०२१ रोजी, त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली.